कॅटनिप पेरायचं ते दिवाळीच्या तोंडावर

बियाणं कितीही चांगलं असलं तरी हंगाम हुकला की पीक हातचं जातं, हे जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत कुणाला सांगायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी उभी केली ती याच जालना जिल्ह्यात, आणि बियाण्यांचा जिल्हा म्हणून जालन्याचं नाव झालं. पण शेतात पाळलेला हा नियम कुंडीत बी टाकताना विसरला जातो. मांजरांना वेड लावणारं कॅटनिप घरी लावायचं, तर ‘वसंतात पेरा’ हा थंड देशांतला सल्ला इथे उपयोगाचा नाही. तिथे वसंतात थंडी सरते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेलं कोवळं रोप एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत होरपळतं. जूनमध्ये पेरावं, तर पावसाच्या माऱ्याने आणि साचलेल्या पाण्याने रोपं मरतात. म्हणून इथे योग्य वेळ एकच : ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, म्हणजे हरभऱ्याची पेरणी चालू असते तेव्हा.

याचं कारण झाडाच्या स्वभावात आहे. कॅटनिप मूळचं युरोप आणि पश्चिम-मध्य आशियातलं, पुदिना, तुळस आणि सब्जाच्या कुळातलं. त्याचं चौकोनी खोड बोटांत फिरवून पाहिलं की हे नातं लगेच कळतं. त्याला ऊन हवं, पण मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. उगवणीला वीस ते पंचवीस अंश तापमान मानवतं आणि दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे हवा साधारण तशीच असते. बी मोहरीहून बारीक, तपकिरी, टोकाशी दोन पांढुरके ठिपके असलेलं. सोयाबीनची उगवणक्षमता ओल्या गोणपाटात तपासतात, तशी याचीही वीसेक बिया ओल्या सुती फडक्यात ठेवून तपासावी. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. बी वरवर पेरून मातीचा अगदी पातळ थर द्यावा, पाणी झारीने शिंपडावं. रोपं दाट झाली की विरळणी करावी आणि वीतभर वाढली की शेंडे खुडावेत. त्याने फुटवे वाढतात. तोवर कुंडीवर जाळी हवीच, कारण पान चुरगळलं की त्यातलं नेपेटालॅक्टोन हे वासाचं द्रव्य दरवळतं आणि मांजर रोपावर लोळण घेतं.

कुणी म्हणेल, बांधावर खोकली फुकट उगवते आणि तिच्या मुळांकडेही मांजरं ओढली जातात, मग हा खटाटोप कशाला? ओढली जातात हे खरं. पण मूळ उपटलं की झाड संपलं, शिवाय खोकलीत सायनाइड तयार करू शकणारं द्रव्य असतं. कॅटनिपचं पान खुडलं की पुन्हा फुटतं. दुसरी शंका नशेची. हा परिणाम पाच-दहा मिनिटांत ओसरतो आणि मग काही काळ मांजर त्या वासाकडे ढुंकूनही पाहत नाही. याची चटक लागत नाही. उलट, जपानमधल्या इवाते विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं, की अशाच गुणाच्या सिल्व्हर व्हाइनची पानं अंगाला घासणाऱ्या मांजरांवर डास कमी बसतात. म्हणजे त्या लोळण्यालाही अर्थ आहे. मात्र सुमारे एक तृतीयांश मांजरांवर परिणाम होत नाही, कारण हा गुण आनुवंशिक आहे. लहान पिल्लांवरही तो दिसत नाही. म्हणून आधी एक-दोन कुंड्याच लावाव्यात.

तिसरा आक्षेप पाण्याचा, आणि मराठवाड्यात तो सर्वांत वजनदार. त्याचंही उत्तर हंगामातच आहे. हिवाळ्यातल्या कुंडीला थोडक्या पाण्यात भागतं. उन्हाळ्याआधी फांद्या कापून सावलीत वाळवाव्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात आणि झाड आडोशाला हलवावं. वाळलेल्या पानाचाही वास मांजराला पुरतो. परक्या मुलखातलं झाड इथे रुजवायला वेगळी विद्या लागत नाही. रब्बीचं जे भान शेतात आहे, तेच अंगणातल्या कुंडीपर्यंत न्यायचं, एवढंच.