बोटाचं शेवटचं पेर

मिरजगावात कांद्याच्या चाळीपाशी किंवा ज्वारीच्या पोत्यांवर मांजर झोपलेलं दिसलं, तर त्याला कुणी हाकलत नाही. उंदीर पोतं कुरतडतो आणि मांजर उंदराला आवरतं, एवढा साधा हिशेब त्यामागं आहे. अशा मांजराची नखं काढून टाकावीत हे इथं कुणाच्या मनातही येणार नाही. पण इथल्या बऱ्याच घरांतली पोरं आता पुण्यात राहतात. तिथं फ्लॅट आहे, फ्लॅटमध्ये नवा सोफा आहे आणि सोफ्यावर पांढरंशुभ्र पर्शियन मांजर आहे. गेल्या दिवाळीत अशाच एका घरातून नात्यातल्या मुलीचा फोन आला. "काका, आमच्या मनीनं बाळाला ओरबाडलं. डॉक्टर नखं कायमची काढून देतात का हो? अमेरिकेत देतात म्हणे." पोरगी मायाळू आहे, मांजराला जिवापाड जपते. तिला वाटत होतं की आपण नखं कापतो तसंच हे काम असेल, फक्त जरा मुळापासून. बहुतेकांचा हाच समज असतो आणि पुढचे सगळे घोटाळे त्यातूनच होतात.

पूर्वी बाळाच्या गळ्यात वाघनख घालायची पद्धत होती. आता ते परवानगीशिवाय बाळगणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते योग्यच झालं. पण ज्यांनी खरं वाघनख जवळून पाहिलंय त्यांना आठवेल, नखाच्या मुळाशी हाड असायचं आणि सोनार सोन्याचं टोपण त्या हाडावर बसवायचा. शिकाऱ्यानं नख उपटलेलं नसायचं, बोटाचं टोकच कापून आणलेलं असायचं. मांजराचंही तसंच आहे. आपलं नख मांसावर बसलेलं असतं, मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून वाढतं. ते पुन्हा उगवू नये असं वाटत असेल तर ते हाडच, म्हणजे बोटाचं शेवटचं पेर, सांध्यातून कापावं लागतं. पुढच्या प्रत्येक पायाला पाच नखं असतात. म्हणजे पुढच्या दोन पायांची नखं काढायची तर दहा पेरं छाटायची. मागच्या पायांची आठ धरली तर अठरा.

"आता लेझरनं करतात, रक्तही येत नाही," असंही कुणी सांगतं. लेझरनं कापलं तरी कापलं जातं ते हाडच. दुसऱ्या एका शस्त्रक्रियेत पेर राखतात, पण नख बाहेर काढणारा स्नायुबंध तोडतात. मग नख जागेवरच राहतं, जाड होत जातं आणि वळून पायाच्या गादीत घुसू शकतं. अशा मांजराची नखं मालकाला जन्मभर कापत राहावी लागतात. ज्या कटकटीतून सुटायचं होतं, तीच कायमची मागं लागते.

"चार दिवस दुखेल, मग विसरेल." हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं. ते ओरडत नाही, लंगडतही नाही, म्हणून ते बरं आहे असं आपण धरून चालतो. आपण टाच टेकवून चालतो, मांजर मात्र बोटांवर चालतं. शेवटची पेरं गेली की पाय टेकवायची जागाच बदलते, अंगाचा भार मागं सरकतो आणि वर्षानुवर्षं तो पाठीवर येत राहतो. २०१७ साली उत्तर अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी नखं काढलेली १३७ आणि नखं शाबूत असलेली १३७ मांजरं तपासली. नखं काढलेल्यांत पाठदुखीची शक्यता सुमारे तिप्पट दिसली आणि घरात भलतीकडे घाण करण्याची सुमारे सातपट. एक्स-रे काढल्यावर त्यांच्यातल्या ६३ टक्के मांजरांच्या बोटांत कापताना मागं राहिलेले हाडाचे तुकडे सापडले. पायात खडा रुतलेला असताना चालायचं, आणि तो खडा आपला आपल्याला काढता येत नाही, असं ते जगणं.

घाण करण्यामागचं कारणही याच दुखण्यात आहे. मांजर शी-शू झाल्यावर माती उकरून झाकतं. फ्लॅटमध्ये त्यासाठी खडे भरलेला ट्रे ठेवतात. दुखऱ्या पायानं खरबरीत खडे उकरायचे म्हटलं की ते ट्रेकडे पाठ फिरवतं आणि मऊ गादी किंवा पायपुसणं शोधतं. मग घरचे म्हणतात, मांजर बिघडलं. सोफा वाचवायला निघालेल्या माणसाची गादी जाते आणि पुष्कळदा त्यापायी मांजरही घराबाहेर जातं.

बाळाचा प्रश्न मात्र खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. पण नखं काढलेलं मांजर निरुपद्रवी होतं हे खरं नाही. घाबरलेलं मांजर आधी पंजा मारून "लांब हो" म्हणतं. पंजात काही उरलं नाही की ते थेट चावतं. २०१७ च्या त्याच पाहणीत चावण्याची शक्यताही साडेचारपट आढळली. मांजराचे सुळे सुईसारखे असतात, त्यांची जखम वरून बारीक दिसते पण आत खोल जाते आणि चिघळते. रेबीजपासून वाचवते ती मांजराला वेळेवर दिलेली लस. नखं नसण्याचा त्याला काही उपयोग नाही. मांजरानं ओरबाडलं किंवा चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची, काहीही लावायचं नाही. ओरबाडण्यातून येणाऱ्या तापाचे जंतू मुळात पिसवांच्या विष्ठेतून पसरतात, म्हणून पिसवांचा बंदोबस्त करायचा. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशा एचआयव्हीच्या रुग्णांसाठीसुद्धा अमेरिकेची सीडीसी ही संस्था मांजराची नखं काढा असं सांगत नाही.

आणि "अमेरिकेत सगळे करतात" हेही आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. न्यूयॉर्क राज्यानं २०१९ साली नखं काढण्यावर बंदी घातली, मेरीलँडनं २०२२ साली. युरोपातल्या देशांनी पाळीव प्राण्यांच्या रक्षणाचा करार १९८७ सालीच केला, त्यात ही शस्त्रक्रिया निषिद्ध आहे. इस्रायलनं २०११ साली बंदी आणली. आपल्याकडं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं ११ वं कलम प्राण्याचा अवयव क्रूरपणे छाटणं गुन्हा मानतं. दंड मात्र पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. ही रक्कम लिहितानाही मला लाज वाटते.

मग सोफ्याचं काय? त्यासाठी मांजर का ओरबाडतं ते पाहायला पाहिजे. आमच्याकडं बांधावरच्या बाभळीच्या बुंध्यावर मांजरांच्या नखांचे ओरखडे ठरलेल्या उंचीवर दिसतात. मांजर तिथं नखाची जुनी साल काढतं, पाठ ताणून घेतं आणि पंजाच्या गाद्यांतला वास लावून ठेवतं. ही त्याची गरज आहे, खोडी नव्हे. फ्लॅटमध्ये बाभूळ नाही म्हणून त्यानं सोफा धरला. फोन करणाऱ्या त्या मुलीला मी सांगितलं, तीन फूट उंचीचा जाड लाकडी ओंडका घे, पाट ठोकून पक्का उभा कर, डुलता कामा नये, नाहीतर मांजर त्याला शिवणार नाही. त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळ किंवा गोणपाट बांध आणि तो सोफ्याजवळच ठेव, कोपऱ्यात नको. दर दोन-तीन आठवड्यांनी नखं काप. बोट हलकेच दाबलं की नख बाहेर येतं. टोकाचा पारदर्शक भागच कापायचा, आतला गुलाबी भाग जिवंत असतो, त्याला धक्का लावायचा नाही. मांजर झोपाळलेलं असताना एका वेळी दोन-तीन नखं झाली तरी पुरे.

ज्यांच्या घरी आधीच नखं काढलेलं मांजर आहे, म्हणजे परदेशातल्या आश्रयगृहातून आणलेलं किंवा कुणी सोबत घेऊन आलेलं, त्यांनी त्याला एकट्यानं बाहेर सोडू नये. कुत्रं मागं लागलं तर ते झाडावर नीट चढू शकत नाही. उडी मारायला कचरतं का, पंजे सारखे चाटतं का, उभं राहिल्यावर पुढचे पाय आलटून पालटून उचलतं का, हे बघत राहावं, आणि शंका आली की पंजांचा एक्स-रे काढून घ्यावा. हाडाचा तुकडा किंवा पुन्हा उगवणारं नख सापडलं तर त्यावर इलाज होतो. वजन वाढू देऊ नये. खिडकीशी आणि पलंगाशी उतरती फळी लावावी. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, एका गोळीनंही त्याचा जीव जाऊ शकतो. वेदनाशामक पशुवैद्यकानं दिलेलंच द्यावं, त्यानं सांगितलं तेवढंच. ट्रेमध्ये खडे घालू नयेत. कागदाचे बारीक तुकडे घालावेत किंवा पिठाच्या चाळणीनं चाळलेली वाळू, आणि ती आधी आपल्या हातानं उकरून बघावी.