थेट संगणक-संभाषण व फायरवॉल
मध्यस्थ संगणकावाचून दोन संगणकांत होणारी संदेशांची देवघेव म्हणजे थेट संभाषण होय. फायरवॉल आतून मागितलेले उत्तर आत येऊ देते. न मागता आलेला संदेश अडविते. दोन्ही टोकांस ती असल्यास प्रथम कोणी बोलावे, हाच प्रश्न पडतो. त्यावरील युक्ती मार्मिक आहे. तिसरा संगणक प्रत्येकास दुसऱ्याचा बाहेरून दिसणारा पत्ता व पोर्ट क्रमांक कळवितो; मग दोघेही एकमेकांस संदेश पाठवितात. पहिला संदेश वाया गेला, तरी त्याने स्वतःच्या फायरवॉलमध्ये परतीची वाट उघडलेली असते. समोरचा संदेश तिला उत्तरच वाटतो. बाहेरचा पत्ता विचारण्याची ‘स्टन’ पद्धती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. समोरच्या प्रत्येक संगणकागणिक पोर्ट क्रमांक बदलत असल्यास ही युक्ती बहुधा फसते. अशा वेळी ‘टर्न’ पद्धतीने (२०१०) सर्व संदेश मध्यस्थामार्फतच न्यावे लागतात व ‘थेट’ हे विशेषण नावापुरते उरते.