तेच जनुक, नवा हुकूम

काल रात्री जेवायला काय होतं, हे आपण सहज सांगतो. ही किमया हिप्पोकॅम्पसची. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या पातळीवर खोल आत वळलेला हा छोटासा भाग. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या फिट्स थांबवण्यासाठी शस्त्रक्रियेत त्याचा बराचसा भाग काढला गेला. त्यानंतर भेटलेलं माणूस किंवा घडलेली गोष्ट त्यांच्या लक्षात राहीनाशी झाली.

हा भाग गर्भात घडतो कसा? सुरुवातीला गर्भाच्या मेंदूची भिंत म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या पेशींचा पातळ थर. प्रत्येक पेशीत जनुकं तीच. तरी त्यातल्या काहीच पेशी हिप्पोकॅम्पस का होतात?

याची सूत्रं हलतात भिंतीच्या काठावरून. या काठाला ‘हेम’ म्हणतात. हेममधल्या पेशी डब्ल्यूएनटी३ए नावाचं प्रथिन स्रवतात. ते बनवणारं जनुकच उंदरांत निकामी केलं, तर हिप्पोकॅम्पस जवळजवळ तयारच होत नाही.

पण काठानं काठ व्हायचं, हे कोण ठरवतं? उत्तर मिळालं मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. डॉ. शुभा टोळे आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या भ्रूणांत एलएचएक्स२ हे जनुक मोजक्या पेशींमधूनच वगळलं. त्या पेशी भलत्याच जागी हेम बनल्या आणि त्यांच्या निरोगी शेजारी पेशी हिप्पोकॅम्पसच्या वाटेला लागल्या! एकाच मेंदूत नवनवे हिप्पोकॅम्पस उगवू लागले. हे २००८ साली प्रसिद्ध झालं.

याहून नवल पुढं आहे. हिप्पोकॅम्पसची जागा ठरल्यावर तिथल्या मूळ पेशी आधी चेतापेशी तयार करतात. ते काम उरकलं की त्याच पेशी चेतापेशींना आधार देणाऱ्या तारापेशी बनवू लागतात. या बदलाची वेळही एलएचएक्स२च राखतं, हे टोळे यांच्या प्रयोगशाळेनं २०११ साली दाखवलं. चेतापेशी बनण्याच्या दिवसांत हे जनुक बंद पाडलं, तर तारापेशी अकालीच तयार होतात. त्याचं काम वाढवलं, तर चेतापेशी बनण्याचा काळ लांबतो. म्हणजे तारापेशींच्या निर्मितीवर ते ब्रेक लावून बसलेलं असतं. आणि हा ब्रेक फक्त हिप्पोकॅम्पसमध्ये चालतो. मेंदूच्या ‘निओकॉर्टेक्स’ या शेजारच्या भागात हेच जनुक काढलं, तरी तारापेशी अशी घाई करत नाहीत.

आधी ‘तू हेम होऊ नकोस’, मग ‘अजून चेतापेशीच बनव’: एकाच जनुकाचे हे दोन हुकूम. म्हणूनच एखाद्या जनुकाला ‘बुद्धीचं’ किंवा ‘स्मरणशक्तीचं’ म्हटलेलं कुठं वाचलंत, तर आधी विचारा: कोणत्या पेशीत, आणि कोणत्या दिवशी?