वजन उतरलं, पण कशाचं?

लग्नकार्यात सत्तरीच्या माणसाला हमखास मिळणारी दाद म्हणजे, "काय काका, एकदम बारीक झालात! करता काय?" काका काहीच करत नसतात. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन पोळ्या, रात्री ताकभात आणि गुडघे कुरकुरतात म्हणून जिना बंद. तरी वर्षभरात चार-पाच किलो उतरलेले असतात आणि काका मनातून खूश असतात. त्यात चरबी किती गेली आणि स्नायू किती गेले, हे वजनकाटा सांगत नाही. या वयात मात्र विचारायचं असतं ते नेमकं हेच.

"म्हातारपणी वजन जितकं कमी तितकं बरं" हा समज पन्नाशीतल्या सल्ल्यातून आलेला असतो. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या धाकाने तेव्हा डॉक्टरांनी "वजन उतरवा" असं बजावलेलं असतं. ते बरोबरच होतं. पण पुढे हिशेब बदलतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर हा वेग वाढतो आणि ताकद तर स्नायूंहूनही वेगाने ओसरते. अमेरिकेतले पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. आज वैद्यकशास्त्र तिच्याकडे आजार म्हणून पाहतं. आपण मात्र अजूनही "वयोमानाने व्हायचंच" म्हणून सोडून देतो.

पासष्टीपुढच्या सुमारे दोन लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून २०१४ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २७ च्या आसपास असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी आढळलं आणि २३ च्या खाली धोका वाढत गेलेला दिसला. मग आपण २७ गाठायचा का? तसं नाही. त्या नोंदी बहुतांशी पाश्चात्त्य लोकांच्या होत्या आणि आपल्या अंगाची ठेवण वेगळी आहे. याचा नामी पुरावा पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय अगदी एकसारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी मूर्ती आपल्याकडे घरोघरी दिसते. तिचं वजन 'नॉर्मल' असतं, चरबी नॉर्मल नसते.

म्हणून काट्याच्या जोडीला शिवणाच्या डब्यातली टेप काढावी. भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर मानतात. पोटरीचा सर्वांत जाड भाग पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरहून कमी भरला, तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी, असं आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सुचवलं. पायांवर सूज असेल तर मात्र हे माप फसवं निघतं.

आपसूक उतरलेल्या वजनाचं तर कौतुक नकोच. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के वजन गेलं, म्हणजे ६४ किलोच्या माणसाचं सव्वातीन किलो, तर कारण शोधलंच पाहिजे. बांगड्या कोपराकडे सरकू लागतात, घड्याळाचा पट्टा एक भोक आत जातो, अंगठीला दोरा गुंडाळावा लागतो. घरच्यांना हे दिसत असतं, पण उलगडत नाही. कारण कधी कवळी सैल झाल्याइतकं साधं असतं. कधी बेताल साखर, थायरॉइड, क्षय, कॅन्सर किंवा एखादं औषध निघतं. जोडीदार गेल्यावर एकट्यासाठी चूल पेटवावीशी न वाटणं हेही कारणच आहे, आणि ते रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही.

आता "या वयात कसला व्यायाम!" या समजाकडे वळू. यावरचं माझं आवडतं उत्तर १९९० सालचं आहे. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फिआटारोन यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, आणि तेही अगदी नावापुरतं नाही, चांगलं जड. त्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या स्नायूंचा आकार ९ टक्क्यांनी वाढला आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीतला स्नायूही काम दिलं की प्रतिसाद देतो, हे त्या दहा जणांनी दाखवून दिलं. आपण मात्र वडिलांच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतो आणि त्याला सेवा म्हणतो.

उलट बाजूही पाहा. ज्येष्ठ पण निरोगी लोकांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवल्याच्या प्रयोगात त्यांच्या पायांतून जवळपास एक किलो मांस गेलं. आजारपणानंतर "पडून राहा, हलू नका" असं प्रेमाने सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

"मी रोज चालतो, तेवढं पुरे" हे निम्मंच खरं. चालणं हृदयाला, साखरेला आणि मनाला उत्तम. ते सोडूच नये. पण सपाट रस्त्यावर गप्पा मारत घातलेल्या चार फेऱ्यांनी मांड्या आणि दंड बळकट होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाच्या व्यायामाबरोबरच दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचेही. त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीवर हात टेकून जोर काढणं, एक लिटरची भरलेली बाटली उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. सोपं वाटू लागलं की भार थोडा वाढवायचा. न वाढवता वर्षानुवर्षं तेच केलं तर फायदा थांबतो. जोर लावताना श्वास रोखू नये. हाडं ठिसूळ झाली असतील तर कमरेतून खोल वाकणारी आसनं टाळावीत. छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

गुडघ्यांबद्दल थोडक्यात: "वापरले की झिजतात" म्हणून बसून राहिलं, तर सांधा सांभाळणारा मांडीचा स्नायूच ढिला पडतो आणि दुखणं वाढतं.

ज्यांचं वजन खरोखरच जास्त आहे, त्यांनी उतरवायला हरकत नाही. कसं उतरवायचं, एवढाच मुद्दा. २०१७ मध्ये पासष्टीपुढच्या १६० स्थूल लोकांवरच्या एका अमेरिकन प्रयोगाचे निष्कर्ष आले. आहार नियंत्रणाबरोबर व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे ९ टक्के उतरलं. पण नुसता चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचं चरबी वगळता उरणारं वजन ५ टक्के गेलं, तर वजनं उचलणाऱ्यांचं २ टक्केच. हालचालींतली सुधारणा दोन्ही प्रकार करणाऱ्यांत सर्वांत जास्त दिसली. नुसतं जेवण तोडून बारीक होणं हा सत्तरीत सर्वांत वाईट मार्ग.

आणि जेवणाचंच बोलायचं तर आपलं ज्येष्ठांचं ताट प्रथिनांच्या बाबतीत फार गरीब असतं. "रात्री हलकं खावं" म्हणून मऊभात, "पचत नाही" म्हणून उसळ बंद, "किडनीवर ताण येतो" म्हणून अंडं बंद. निरोगी किडनीला डाळ-दूध-अंड्यांनी इजा होत नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांनी घालून दिलेलं प्रमाण पाळायचं. ज्येष्ठांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलोच्या आजींना ६० ते ७२ ग्रॅम. पोहे, दोन पोळ्या, पातळ आमटी आणि ताकभात यांची बेरीज तीस-पस्तीसच्या पुढे क्वचितच जाते. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. रात्री मऊभाताऐवजी पिठलं-भाकरी किंवा मुगाचं धिरडं घेतलं तरी फरक पडतो. उपासाचा साबुदाणा मात्र या हिशेबात जवळपास शून्य.

घरच्या घरी करता येणारी एक चाचणी आहे. हात छातीवर आडवे घेऊन, टेकू न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. शेजारी कुणीतरी उभं राहावं. आशियाई निकषांप्रमाणे याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पायांची ताकद कमी पडते आहे असं समजावं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी वजन, कंबर आणि हे सेकंद लिहून ठेवा. सेकंद वाढताना दिसले किंवा वजन आपोआप उतरताना दिसलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा.