एकट्याने पळून चेंडू मिळत नाही

दर रविवारी सकाळी आम्ही होस्टेलची चार-पाच मुलं मनोरजवळच्या एका पाड्यावर फुटबॉल शिकवायला जातो. मुलं बारा-तेरा वर्षांची, निम्मी अनवाणी, पण दम असा की आपण लाजावं! चेंडू गेला की आम्ही बाहेरून एकच ओरडायचो, "पळ, पळ!" सगळ्यात चपळ पोरगा पळायचा, समोरचे आपापसांत पास देत राहायचे आणि पंधरा मिनिटांत हा कमरेवर हात ठेवून उभा. एकदा मी त्याला रागावलो. तो एवढंच म्हणाला, "दादा, मी एकटाच पळतो. मागून कोणी येतच नाही."

चूक आमची होती. आपण इंजिनिअर, तर हिशेब करू. साधा पास सेकंदाला दहा मीटर जातो असं धरा. उभा असलेला मुलगा पहिल्या सेकंदात जेमतेम अडीच-तीन मीटर जातो. म्हणजे चेंडूमागे धावणारा हरणारच! प्रेसिंग म्हणजे नुसतं धावणं नाही, तर समोरच्याची जागा आणि वेळ सगळ्यांनी मिळून कमी करणं.

हे मुलांना कसं समजवायचं? माझं मराठी कॉन्व्हेंटचं, शब्द सापडेना. शेवटी कबड्डी कामी आली. चढाई करणाऱ्यावर एकटा झेपावला तर फुकट बाद होतो. साखळी योग्य वेळी आली तर पकड होते. इथेही तसंच.

पहिलं, वेळ ओळखा. समोरच्याचा चेंडू पायातून लांब उडाला, त्याची पाठ आपल्याकडे असली, पास हळू गेला किंवा तो बाजूच्या रेषेजवळ अडकला, की निघायचं. पास वाटेत असतानाच धावायचं आणि जवळ गेल्यावर पावलं लहान करायची, नाहीतर तो सहज चकवतो.

दुसरं, सरळ न जाता थोडं वळसा घेऊन जा, म्हणजे आतला पास बंद होतो आणि तो रेषेकडे ढकलला जातो. रेषा हा आपला बारावा खेळाडू!

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचे पुढे सरका. १९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन कप जिंकणाऱ्या मिलानचे कोच आरिगो साक्की यांचा आग्रह असे की पहिल्या आणि शेवटच्या फळीत साधारण पंचवीस मीटरच अंतर असावं. मधे मोकळी जागाच नको.

सरावाला चौकोनात चार विरुद्ध दोन खेळवा. चेंडू गेला की सगळ्यांनी मोठ्याने पाच आकडे मोजायचे. तेवढ्यात मिळाला तर उत्तम, नाहीतर मागे फिरून जागा धरायची. सतत प्रेसिंग कोणालाच झेपत नाही.

आता आम्ही "पळ" ओरडत नाही. पहिला निघाला की मागची पोरंच ओरडतात, "आलो रे!" चेंडू दर वेळी मिळतोच असं नाही, पण तो पोरगा आता शेवटपर्यंत खेळतो.

आपल्या होस्टेलच्या टीमनेही एकदा येऊन बघावं. आपल्याकडेही एकच जण पळतो आणि बाकीचे त्याला शिव्या घालतात, नाही का?