पॉवरचा दिवा आणि आवाजाचा फिल्टर

कमोडोरच्या अमिगा ५०० (१९८७) या घरगुती संगणकातली 'पॉला' चिप ४ चॅनेलवर ८ बिटांचे ध्वनिनमुने वाजवते. नमुन्यांचा वेग कमी असला, की मूळ आवाजाबरोबर वरच्या पट्टीतली एक धातूसारखी किणकिणही कानावर येते. ती छाटायला स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर दोन लो-पास फिल्टर बसवले आहेत. पहिला अगदी साधा, रेझिस्टर-कपॅसिटरचा. तो कायम चालू असतो आणि साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज हळूहळू उतरवत नेतो. दुसरा कडक: ३ किलोहर्ट्झच्या थोडं पुढे गेलं, की दर सप्तकाला १२ डेसिबलची कात्री. हा मात्र प्रोग्राममधून चालू-बंद करता येतो, आणि गंमत म्हणजे पॉवरचा दिवाही त्याच बिटाला जोडलेला आहे! फिल्टर बंद केला, की दिवा मंदावतो. म्हणूनच याचं नाव पडलं 'एलईडी फिल्टर'.

बरेच संगीतकार तो बंदच ठेवत. थोडी किणकिण चालेल, पण बोथट झांजा नकोत, हा त्यांचा हिशेब मलाही पटतो. १९९२च्या अमिगा १२००मध्ये पहिला फिल्टर जवळजवळ नावापुरताच उरला. त्यामुळे तीच धून तिथे जास्त चरचरीत वाजते.