वळवाचा पाऊस

होळी होऊन गेली, आंब्याच्या मोहोराच्या जागीं कैऱ्या लोंबूं लागल्या, कीं पुणें, सातारा व सोलापूर या बाजूच्या लोकांचे डोळे दुपारीं आकाशाकडे वळूं लागतात. सकाळीं आकाश निरभ्र असतें, दोन प्रहरीं उकाडा असह्य होतो, आणि चारच्या सुमारास क्षितिजावर काळा ढग उभा राहतो. हा बरसणार, कीं हुलकावणी देऊन जाणार? या साध्या प्रश्नाचें उत्तर इतकें कठीण कां, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

मार्च ते मे या महिन्यांत दख्खनच्या पठारावरील जमीन अतिशय तापते. कित्येक ठिकाणीं उष्णतामान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातें. जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. ती कोरडी असेल तर पाऊस पडत नाहीं. परंतु अरबी समुद्रावरून अथवा बंगालच्या उपसागरावरून आलेली वाफ तींत मिसळलेली असली, म्हणजे उंचावर तिचे जलकण बनतात. वाफेचें पाणी होतांना उष्णता बाहेर पडते व ती हवेला आणखी वर ढकलते. अशा रीतीनें ढगाचा मनोरा १०-१२ किलोमीटर उंच चढतो. तेथील कडक थंडींत गारा तयार होतात, आणि हिमकणांच्या टकरींतून वीज निर्माण होते.

पाऊस सुरू होतांच थंड हवा वेगानें खालीं कोसळून चोहोंकडे पसरते. सरीच्या आधीं धूळ व गार वारा येतो, तो यामुळेंच. ज्या उष्ण हवेवर ढग पोसला जातो, तिचीच वाट हा वारा तोडतो. म्हणून तास-दीड तासांत बहुधा सारें शांत होतें. असा ढग कांहीं किलोमीटरच रुंद असल्यामुळें एक गाव न्हाऊन निघतें आणि शेजारचें कोरडें राहतें. याच कारणास्तव १८७५ सालीं स्थापन झालेलें हवामान खातें अमुक जिल्ह्यांत वादळाचा संभव आहे, असें आधीं सांगूं शकतें. परंतु अमुक गल्लींत पाऊस पडेल, हें आदल्या दिवशीं सांगणें शक्य नसतें. ढग उभा राहिल्यावर मात्र रडार यंत्रावर तो दिसतो.

या पावसानें मोठ्या नद्यांना सहसा पूर येत नाहीं. धोका असतो तो ओढ्यानाल्यांचा. तापून कठीण झालेल्या जमिनींत पाणी लवकर मुरत नाहीं. डोंगरावर सर कोसळली, तर आपल्या डोक्यावर ऊन असतांनाही कोरडा ओढा एकाएकीं भरून वाहूं लागतो. गुडघाभर वेगवान पाणीही माणसाचे पाय उखडतें. तेव्हां ओसरेपर्यंत थांबावें.

विजेविषयीं एक हिशेब ध्यानांत ठेवावा. आवाजाला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारें ३ सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर ती १० किलोमीटरांच्या आंत आहे असें समजून पक्क्या घरांत जावें. झाडाखालीं कदापि उभें राहूं नये. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडूं नये.

२०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाडा व विदर्भ येथें गारपिटीनें हातातोंडाशीं आलेलीं पिकें आडवीं केलीं. पाऊस थांबविणें आपल्या हातीं नाहीं. पण ढगाची भाषा ओळखून वेळींच घर गांठणें मात्र लहानथोर सर्वांना साधण्यासारखें आहे.